थापीमावशीचं फडकं

घरातल्या भिंतीवर डाग दिसला की तुम्ही काय करता? खरं सांगा. कसला आहे म्हणून विचारता, की कुणी यायच्या आत झाकून टाकता? कपाट सरकवता, कॅलेंडर टांगता, रंगाचा एक हात मारून मोकळे होता. आमच्या वस्तीत घरांची एक अख्खी रांग हेच करत बसली आणि त्यात एका चिमुरडीचा जीव जायची वेळ आली. डाग झाकून देणारी बाई त्या पोरीची सख्खी आजी होती. तिची ही गोष्ट. मी ती तिला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिही. फक्त मला बिचारी करू नकोस."

तिला सगळे थापीमावशी म्हणतात. थापी म्हणजे गिलावा घोटायची लाकडी फळी, मागे मूठ असलेली. मावशीची थापी तिच्या सासूची. मूठ एवढी झिजलीय की दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसतच नाही. आमची वस्ती कालव्याला लागून आहे. वरच्या अंगाला विटांची घरं, खालच्या अंगाला मातीच्या भिंतींची. मातीच्या भिंतीला दर वर्षी काही ना काही होतंच. पोपडे निघतात, ओल चढते, कोपऱ्यात भेग पडते. भेग पडली की मावशीला हाक. भुसा घालून पायांनी मळलेली माती, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ हात, तो वाळला की चुना. काम संपलं की ती डोळे मिटून भिंतीवरून तळहात फिरवायची. कुठे खडा लागला तर तेवढा तुकडा उकरून पुन्हा. घरातला माणूस म्हणायचा, राहू द्या मावशी, तिथे कपाट येणार आहे. ती म्हणायची, "कपाटामागे तू बघणार नाहीस रे, पण मला ठाऊक राहील ना."

असली बाई. तोंडाने तिखट, हाताने रेशीम.

चुना घशात जातो, डोळ्यांत जातो, म्हणून गिलाव्याची माणसं काम करताना तोंडाला फडकं बांधतात. मावशीही बांधायची. काम संपलं की सोडायची, झटकायची आणि खांद्यावर टाकायची. मग कधीतरी असं झालं की काम संपलं तरी फडकं सुटेना. दुकानात फडकं, नळावर फडकं, घराच्या दारात बसून पोत्यातले बटाटे निवडताना फडकं. आमच्या नळावर कुणाला काही दिसलं आणि कुणी बोललं नाही असं होत नाही. एकीने विचारलंच, मावशी, चहा काय फडक्यातून गाळून पिता?

"गाळूनच पिते," मावशी म्हणाली. "तुमच्या गप्पांचा चोथा वर राहतो."

हशा झाला, विचारणारीही हसली आणि विषय संपला. तिचं उत्तर एवढं झणझणीत होतं की त्याखाली भीती आहे हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

फडक्याखाली काय होतं ते आता सांगते. हनुवटीवर आणि ओठांच्या बाजूने फिक्कट डाग होते, पाण्यात चुन्याचे थेंब पडावेत तसे. आधी दोनचार, मग गालांवर. दुखत नव्हते, खाजत नव्हते. मावशीला वाटलं, महारोग. ती लहान असताना शेजारच्या एका माणसाला डाग आले होते. घरच्यांनी त्याला मागच्या खोलीत ठेवलं, जेवणाची थाळी काठीने आत सरकवायचे. त्या काठीचा जमिनीवर घासल्याचा आवाज तिला अजून आठवतो. म्हणून तिने कुणालाही सांगितलं नाही. लेकाला नाही, डॉक्टरला नाही. घरातसुद्धा भिंतीकडे तोंड करून जेवायची.

सुनेला माहीत होतं. एका खोलीत राहून कसं कळणार नाही? पण सासूबाईंनी सांगितलं नाही म्हणून सुनेने विचारलं नाही. मोठ्यांचा मान ठेवला. आपल्याकडे मान ठेवण्याच्या नावाखाली काय काय कुजत पडतं, त्याची यादी करायला घेतली तर मला दुसरं काही काम उरणार नाही.

त्या घरात फडक्याखाली हात घालायची मुभा एकाच माणसाला होती. भिंगरी, मावशीची नात. धड चालायला लागायच्या आधी पळायला लागली म्हणून भिंगरी. ती आजीजवळ झोपायची, जमिनीवर अंथरूण टाकून, भिंतीला लागून, कारण मातीची भिंत उन्हाळ्यात गार असते. झोप येईस्तोवर आजीच्या फडक्यात हात घालून गाल चाचपत राहायची.

आता आजाराचं बोलायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मावशीचा मुलगा लहान असताना मावशीला काळा आजार झाला होता. ताप महिनाभर हटेना, पोट फुगलं, अंग काळवंडलं, हातापायांच्या काड्या झाल्या. इंजेक्शनांवर इंजेक्शनं घेऊन वाचली. हा आजार वाळूमाशी देते. माशी म्हणतात म्हणून घरातली माशी डोळ्यांसमोर आणू नका. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, केसाळ, वाळूच्या रंगाची. आवाज नाही. डास निदान कानाशी येऊन सांगून चावतो. ही गुपचूप. तिला उंच उडता येत नाही, भिंतीच्या कडेकडेने टुणटुण उड्या मारत जाते. दिवसा भिंतीच्या भेगेत, ओलसर कोपऱ्यात, जनावरांच्या गोठ्यात दडून बसते आणि अंधार पडला की जमिनीवर झोपलेल्याला आधी गाठते. आजारी माणसाचं रक्त पिते आणि त्यातला जंतू पुढच्याला देऊन जाते.

म्हणजे हा आजार घर बघून येतो. आमच्या खालच्या रांगेत घराआड घर कुणीतरी या तापातून गेलेलं आहे. वरच्या विटांच्या घरांत क्वचित एखादा. वरची माणसं म्हणतात, खालच्यांना स्वच्छता नाही. मला हे ऐकलं की डोकं सटकतं. मावशीच्या घरात जमिनीवर सांडलेलं उचलून खावं एवढी स्वच्छता आहे. नाही ते दुसरंच. पक्की भिंत नाही. खाट नाही. बारीक जाळीची मच्छरदाणी नाही. बकऱ्या बांधायला वेगळी जागा नाही, त्या भिंतीलाच बांधायच्या. आणि अंगाने झुंज द्यावी एवढं पोटात नाही. एखाद्या घरात एकदा शिरला की त्याच घरात, नाहीतर शेजारी, पुन्हा डोकं वर काढतो. मी शाळा अर्धी सोडलेली बाई. हे दवाखान्याच्या भिंतीवरचे कागद वाचून आणि डॉक्टरांशी हुज्जत घालून शिकले.

पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणालाच धड माहीत नव्हती. काळा आजार बरा झालेल्या काही माणसांना काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, असे फिक्कट डाग येतात. माणूस ठणठणीत असतो. खातो, कामाला जातो, भांडतो. पण त्या डागांत जंतू जिवंत असतो आणि वाळूमाशी तिथे चावली की तो घेऊन निघते. ठणठणीत असल्यामुळे माणूस दवाखान्यात जात नाही. दवाखान्यात जात नाही म्हणून कुठल्या मोजणीत येत नाही. ताप आलेले मोजले जातात, डाग झाकलेले कोण मोजणार? आजार कमी झाला असं अधिकारी सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत, तो झालाही आहे. पण जो उरलाय तो कुठल्या फडक्याखाली उरलाय हे त्यांना कळायला मार्ग नाही.

तर, फवारणी. माशी भिंतीवर बसते म्हणून भिंतीवर औषध मारतात. पाठीवर पंप घेतलेली माणसं आली, पुढे त्यांचा मुकादम. प्रत्येक घरातलं सामान मधोमध ओढलं आणि भिंती वरून खालपर्यंत भिजवल्या. जाताना मुकादमाने घरोघरी बजावलं, पुढची फवारणी होईपर्यंत भिंती पुसायच्या नाहीत, लिंपायच्या नाहीत, चुना लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

औषध वाळलं आणि भिंतींवर पांढुरके ओघळ उमटले. वर उग्र वास. दुकानदार म्हणाला, भिंतींवर बैल मुतून गेल्यासारखं दिसतंय. पुढच्याच आठवड्यात समोरच्या वहिनींकडे पाहुणे यायचे होते. त्यांनी मावशीला हाक मारली. मावशी यायला तयारच होती. खरं तर तिच्याच्याने बघवत नव्हतं. तिच्या हातच्या भिंती, आणि त्यांची ही दशा. तिने पहिला हात मारला तो स्वतःच्या घरावर. सून चाचरत म्हणाली, आई, ते हात लावू नका म्हणाले होते ना.

"ते फवारून गेले, औषध भिंतीने प्यायलं," मावशी म्हणाली. "मातीला मी ओळखते. माती सगळं पिते. मी नुसतं वरून तिचं तोंड धुतेय."

तिचं चुकलं ते इथे, आणि असं फक्त गिलावेवालीचंच चुकू शकतं. आयुष्यभर तिने पाहिलं होतं की मातीवर ओतलेलं आत मुरतं. पाणी मुरतं, चुना मुरतो, तेल सांडलं तर तेलही. मग औषध का मुरणार नाही? मुरलं म्हणजे भिंतीत आलं, भिंतीत आलं म्हणजे काम झालं. बोलणं एवढं पटण्यासारखं होतं की ते एका घरातून दुसऱ्या घरात गेलं आणि त्यामागून मावशीची थापी गेली. थोड्याच दिवसांत खालची अख्खी रांग पांढरीशुभ्र झाली. सगळे खूश. मावशी तर फारच खूश. फडक्यातून डोळे हसायचे.

पुढे कधीतरी भिंगरी पळायची थांबली.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. वाटलं, दमली असेल. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. गल्लीतल्या औषधवाल्याने गोळ्या दिल्या, उतरला. पुन्हा चढला. त्याने टायफॉइडची औषधं दिली, मग मलेरियाची, मग म्हणाला पोरीला रक्त कमी आहे, टॉनिक द्या. पोरगी दाराच्या उंबऱ्यावर बसून राहायची, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. पाय काड्यांसारखे आणि पोट मात्र डाव्या बाजूला टणक. एका सकाळी सून माझ्याकडे आली. पोरीचा झगा वर करून पोट दाखवलं. मावशी मागे उभी होती. तिच्या डोळ्यांकडे बघून मला कळलं की ते पोट तिने ओळखलंय. स्वतःचं एकेकाळचं पोट कोण विसरतं?

सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने उद्या या म्हणून सांगितलं. मी त्याला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. पण भिंगरी त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर होती. बाईंनी बरगडीखाली बोटं दाबत दाबत खाली आणली. पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बेंबीपर्यंत आली होती. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पट्टीवर टाकला, रेघ उमटली. काळा आजार.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. ओरडल्या नाहीत. विचारलं, घरात आधी कुणाला झाला होता? मावशी दारातूनच म्हणाली, मला झाला होता, कधीचाच बरा झाला. बाईंनी मान वर केली आणि विचारलं, चेहऱ्यावर, अंगावर कुणाला डाग आहेत का?

"नाही," मावशी म्हणाली.

आणि फडकं?

"चुन्याचं काम करते."

बाहेर रांग लागलेली. बाईंनी भिंगरीच्या कागदांवर सही केली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. सून फरशीकडे बघत होती. मला तेव्हा वाटलं, ती घाबरलीय. तिला उत्तर माहीत होतं आणि ते दाबून ठेवण्याचं ओझं ती उचलत होती, हे मला नंतर कळलं.

भिंगरीला दाखल केलं, सलाईनमधून औषध चढवलं, रक्त दिलं. ताप उतरला. काही दिवसांनी तिने शेजारच्या खाटेवरच्या मुलाचं बिस्किट पळवलं, तेव्हा आम्हाला कळलं की पोरगी परत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी न्या, पण घर आधी नीट करा. जिथून हा आजार आला ती जागा तशीच ठेवली तर मी काय काय म्हणून करू? त्यांनीच निरोप देऊन आमच्या रांगेत पुन्हा फवारणी लावली.

दवाखान्याच्या जिन्यात सुनेने माझा हात धरला. म्हणाली, ताई, मी पोरीला त्या घरात परत नेणार नाही. माझ्या आईकडे जाईन. नवऱ्याला काय सांगू कळत नाही, सासूबाईंना तर तोंड वर करून सांगूच शकत नाही. का म्हणून मी खोदून विचारलं तेव्हा तिने डागांचं सांगितलं. मी तिथेच पायरीवर बसले. संतापले होते, पण कुणावर संतापू ते ठरेना. मावशीशी बोलू का म्हटलं. सून म्हणाली नको, त्यांच्या त्या बोलतील तर बोलतील.

फवारणीची माणसं आली तेव्हा मी खालच्या रांगेतच होते. मावशीचंच घर पहिलं. भिंगरी अजून दवाखान्यात, घरात तिचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. मुकादम आत आला आणि भिंतीसमोर उभा राहिला. दारात सगळी रांग जमली होती, समोरच्या वहिनी, दुकानदार, नळावरच्या बायका. मुकादमाने खिशातून खिळा काढून भिंत थोडी खरवडली. चुना निघाला, त्याखाली मातीचा पातळ हात, आणि त्याखाली औषधाचा पांढुरका थर. मग त्याने तळहात भिंतीवरून फिरवला. सावकाश, कोपऱ्यापर्यंत. अगदी मावशी फिरवते तसा.

"काय हात आहे," तो म्हणाला. "इतक्या वस्त्या फिरलो, अशी भिंत पाहिली नाही. कुणाचं काम हे?"

आयुष्यभर मावशीने या बोलण्याची वाट पाहिली असेल. जाणत्या माणसाने भिंतीवरून हात फिरवावा आणि असं म्हणावं. ते आलं, आणि कुठल्या वेळी आलं.

दुकानदार आढ्याकडे बघत म्हणाला, दर वर्षीच लिंपतात हो सगळे, आपापलं. वहिनींनी मान हलवली. मावशीचं नाव कुणी घेतलं नाही. तिला वाचवत होते, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण प्रत्येकाला आपलीच भिंत वाचवायची होती, कारण हाक प्रत्येकाने मारली होती.

मावशीने विचारलं, आवाज फडक्यातून आला, म्हणजे औषध मुरलेलं चालत नाही?

"मुरलं ते भिंतीच्या पोटात, आजी. माशी काय भिंत खाते? ती वर बसते. औषध तिच्या पायांना लागलं तर मरते. हे तुम्ही पुरून टाकलंत."

मागे कुणीतरी हसलं. मावशीने मानेमागे हात नेला. गाठ घट्ट होती, चुन्याने कडक झालेली. तिला ती सुटेना, आणि कुणी पुढे होईना. शेवटी तिने फडकं नुसतंच गळ्याखाली ओढलं.

"मी केलंय," ती म्हणाली. "सगळ्या रांगेचं मी केलंय. आणि आता हेही बघून घ्या. दवाखान्यात मी खोटं बोलले."

कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. दारातली सगळी माणसं फक्त एकेक पाऊल मागे सरली. दाराएवढा उजेड एकदम आत आला आणि तिच्या चेहऱ्यावर पडला. तो उजेड कशाने आला, हे मावशीला माझ्याआधी कळलं. तिने मान खाली घातली.

सून पुढे आली. म्हणाली, आई, मला माहीत होतं.

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही सांगितलं नाहीत."

मावशी जमिनीवर बसली. म्हणाली, चांगल्या वळणाच्या दोघी आपण. पोरीच्या जिवावर उठलेलं वळण.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. फडकं गळ्यात होतं, तोंडावर नव्हतं. वाटभर तिने एका हाताने हनुवटी झाकून धरली होती. बाईंनी आधी कापसाचा बोळा डागावरून फिरवला आणि विचारलं, कळतंय? मावशी म्हणाली, गुदगुल्या होतात. बाई म्हणाल्या, महारोगाचा डाग बधिर असतो, हा तो नाही. मग कातडीचा कण काढून तपासला. काळ्या आजाराचेच डाग होते. बरे होणारे. गोळ्या घ्यायच्या, जेवल्यावर, बरेच आठवडे, मळमळलं तरी सोडायच्या नाहीत. तोवर झोपायचं मच्छरदाणीत, म्हणजे माशी तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

म्हणजे इतके दिवस ती एका नसलेल्या आजाराला घाबरून असलेला आजार झाकत होती. टेबलाची कड घट्ट धरून तिने विचारलं, "माझ्यामुळे झालं का पोरीला?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. तुमच्या रांगेत आणखी कुणाला डाग असतील. माशी काही पत्ता सांगत नाही. पण झालं असूही शकतं.

असूही शकतं. परतीच्या वाटेवर मावशी तेवढंच दोनदा म्हणाली. 

भिंगरी घरी आली. सुनेने माहेरी जायचं पुन्हा काढलं नाही. मुकादमाने त्या दिवशी फवारणी थांबवून तोड काढली होती. आधी भेगा बुजवा, घोटा, वाळू द्या, मग आम्ही वरून फवारतो, आणि मग हात नाही लावायचा. मावशीने तसं केलं. भिंतीवर पुन्हा ओघळ आले. ते तिला आजही टोचतात. येताजाता तिचा हात नकळत थापीकडे जातो आणि ती तो मागे घेते. बकऱ्या भिंतीपासून सोडवून कालव्याकाठच्या खुंटांना बांधल्या. लेक वीटभट्टीवर कामाला जातो, त्याने तिथून फळ्या आणून खाट ठोकली. आता भिंगरी खाटेवर एका मच्छरदाणीत आणि आजी दुसऱ्या. एकीतून दुसरीत हात घालायला बंदी आहे. त्यावरून झोपेपर्यंत भांडण चालतं आणि आजी दर वेळी हरते, पण जाळी उचलत नाही.

डाग पुसट होत आहेत. हळूहळू, पण होत आहेत.

आता लाज वाटण्यासारखं राहिलेलं सांगते, कारण ते मावशीचं नाही, आमचं आहे. त्या दिवसापासून रांगेतल्या एकाही घराने तिला हाक मारलेली नाही. दुसऱ्या फवारणीच्या आधी सगळ्यांनी आपापल्या भेगा बुजवल्या, बोटांनी, कशाही. जागोजागी ढेकळं आणि त्यांच्या कडेला नव्या भेगा, म्हणजे माशीला बसायला पुन्हा जागा. मी घरोघरी जाऊन सांगितलं, हा आजार शिवून होत नाही, भांड्यातून होत नाही, शेजारी बसून होत नाही. माशी चावल्याशिवाय होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मुकादमासमोर डोलावल्या होत्या तशाच. एकदा मावशी काहीतरी द्यायला म्हणून समोरच्या वहिनींकडे गेली. वहिनींनी चहा दिला, हसून दिला, आणि त्यासाठी खिडकीत पालथा घातलेला, कान तुटलेला कप धुऊन आणला. तो कप कुणासाठी ठेवलाय हे मावशीला कळलं. तिने चहा संपवला, कप स्वतः विसळून खिडकीत पालथा घातला आणि घरी आली. मला हे कळल्यावर मी वहिनींच्या दारात जाऊन भांडले. आवाज वरच्या घरांपर्यंत गेला असेल. काही उपयोग झाला नाही, कप अजून खिडकीतच आहे.

आणि आणखी एक. मावशीने फडकं ओढलं त्यानंतर दोघीजणी मला वेगवेगळ्या, आडवाटेला गाठून भेटल्या. एक वरच्या विटांच्या घरातली. दोघींनी ओढणी जरा बाजूला केली. हनुवटीवर तेच थेंब. दोघींनी विचारलं, ताई, मावशीला काय म्हणतात लोक? मी खोटं बोलू शकले नाही. एक माझ्याबरोबर दवाखान्यात आली. दुसरी बघू म्हणाली आणि अजून बघतेच आहे. तिच्या घरात लहान मुलं आहेत. ती दवाखान्याला घाबरत नाही. त्या कान तुटलेल्या कपाला घाबरते.

म्हणून तुम्हाला सांगतेय, तुम्ही आमच्या वस्तीतले असा नाहीतर दुसऱ्या कुठल्या. फवारणीवाले यायच्या आधी तुमच्या भिंतीच्या भेगा बुजवायला मावशीला नाहीतर तिच्यासारख्या कुणाला हाक मारा. काम झालं की तिला आत बसवा, चहा द्या, आणि तो तुमच्या घरातली सगळी माणसं पितात त्याच कपातून द्या.